बाकाचे तोंड रस्त्याकडे फिरविल्याची हकिकत

तख्ते फिरली, त्यांच्या हकिकती लिहिणारे पुष्कळ जाहले. तीन माणसांचा बाक फिरला, त्यापायी कोणी कलम उचलीना. ऐसियास हल्ली रस्त्यात जो भेटेल तो छाती काढोन सांगतो की बाक आम्हीच फिरविला. बाकाचे बोल्ट चार आणि फिरविणारे छत्तीस, हा मेळ बसेना. सबब जे डोळ्यांनी पाहिले ते क्रमवार लिहून ठेविले असे.

वर्तमान ऐसे जे, शहर कचेरीने सदरहू रस्ता सुधारावयाचे मनावर घेतले आणि त्या कामी नगररचनेच्या शास्त्रात पारंगत अशा एका बाईसाहेबांस नेमिले. रयत त्यांस आखणीबाई म्हणे. त्यांचा सिद्धांत थोर. रस्ता ही गाड्यांची जहागीर नव्हे, माणसांची बैठक होय. आणि माणूस तेथेच टेकतो जेथे पाहावयास काही असते. सबब दर बाकासमोर देखावा पाहिजे. हे सर्व खरेच. मग बाईंनी नकाशात एक तळे काढिले, तळ्यात कमळे काढिली आणि बाकाचे तोंड तिकडे केले. परंतु बाक पहिल्या टप्प्यात आणि तळे दुसऱ्या टप्प्यात, आणि दुसऱ्या टप्प्याची फाइल कोणत्या फायलीखाली निजली होती हे खुद्द कचेरीसही ठाऊक नव्हते. तळ्याच्या जागी तूर्त पंपाच्या खोलीची भिंत, बाकापासून अडीच हातांवर. मुकादमाने ती पाहिली, नकाशाही पाहिला आणि म्हणाला, "नकाशात तळं आहे ना? मग आपल्याला भिंत दिसत नाही." आणि चार बोल्ट आवळून बाक कायम केला, भिंतीकडे तोंड, रस्त्याकडे पाठ.

त्या रस्त्यावर राजमान्य वहिनीसाहेब राहात. एकतीस वर्षे टेलिफोन कचेरीत बसोन लक्षावधी आवाज जोडून दिले आणि तोंड एकाचे पाहिले नाही. म्हणोन निवृत्त जाहल्यावर येणारीजाणारी तोंडे पाहाणे हीच त्यांची पेन्शन. त्यांचा उजवा गुडघा बंडखोर. डॉक्टरांचे फर्मान होते की रोज कोपऱ्यापर्यंत चालोन यावे, न चालाल तर गुडघा कायमचा धरेल. आणि निम्म्या वाटेत बसल्यावाचून कोपरा हाती लागत नसे. तीन दिवस त्या बाकावर बसल्या. चौथे दिवशी हुकूम जाहला, "भिंतच बघायची तर ती घरी काय कमी आहे?"

मग त्यांचे दीर, ज्यांस त्या भाऊजी म्हणत, ते रोज सायंकाळी घडीची खुर्ची काखेत मारोन पुढे निघत, आणि खुर्ची बाकाच्या पाठीमागे रस्त्याकडे तोंड करोन मांडीत, आणि वहिनीसाहेब खुर्चीवर व त्यांची पिशवी बाकावर, ऐसा दरबार भरे. परंतु येत्या रविवारी भाऊजी लेकाकडे कायमचे राहावयास जाणार हे ठरले होते. मग खुर्ची कोण वाहणार? खुर्ची नाही तर चालणे नाही, आणि चालणे नाही तर गुडघा गेला. कचेरीस दोन अर्ज गेले. दोहोंस एकच जबाब आला की बाकाचे तोंड मंजूर देखाव्याकडे असोन बदल दुसऱ्या टप्प्यात पाहता येईल.

इतक्यात, गुरुवारी, आखणीबाई स्वतः मोजणीस आल्या. त्यांच्या शास्त्राचा रिवाज चांगला की काम जाहल्यावर बसणारे, उभे राहणारे व नुसते जाणारे पाव पाव तासाने मोजून तक्ता भरावा. तो भरिला. बाकावर माणूस शून्य, पिशवी एक. खुर्चीस तक्त्यात रकाना नव्हता, म्हणोन ती 'अडथळा' या सदरात गेली.

वहिनीसाहेबांनी मान लांब करोन तक्ता वाचिला. "अहो बाई, अडथळा म्हणजे खुर्ची, की मी?"

"तसं नाही हो, आजी..."

"वहिनी म्हणा. आजी व्हायला मला घाई नाही. आणि तुम्ही बसा बघू बाकावर, पाव तास. मोजणी मी करते. भाऊजी, खुर्ची घरी न्या."

"वहिनी, गुडघा!" भाऊजी कळवळले.

"गुडघा माझा आहे. तुम्ही खुर्ची बघा."

मग आखणीबाई भिंतीसमोर बसल्या आणि वहिनीसाहेब बाकाच्या पाठीवर भार टाकोन, दुखरा पाय उचलोन, तक्ता घेऊन उभ्या राहिल्या. मागे कोणी हसले, बाईंनी मान वळविली. सायकलची घंटा वाजली, मान वळविली. दोघी मैत्रिणी लग्न मोडल्याची गोष्ट सांगत गेल्या, तेव्हा तर बाई अर्ध्या उठल्या. पाव तास भरला आणि वहिनीसाहेबांनी आकडा जाहीर केला की मान अकरा वेळा मागे, भिंतीकडे पाहाणे एकदा, तेही पाल निघाली म्हणोन.

"वेळेसकट लिहिलंत?" आखणीबाईंनी मान चोळीत विचारिले.

"सेकंदासकट. एकतीस वर्षं कॉलच्या वेळा तशाच लिहिल्यात. आता सही करा."

बाई खळखळून हसल्या आणि सही केली. मग त्यांसच स्मरले की मोजणीत उणे सापडले तर किरकोळ दुरुस्ती त्यांच्या एकटीच्या अधिकारात होते, टप्प्याची वाट पाहावी लागत नाही. हे कलम त्यांनीच लिहिले होते आणि त्याच विसरल्या होत्या, विद्वानांचे असेच.

शनिवारी मुकादम पाना घेऊन चालोन आला. "मॅडम, नकाशा?" म्हणोन अडला, बाईंनी तेथेच पेनाने बाण उलटा काढिला. तीन बोल्ट मुकाट शरण आले. चौथा गंजोन हट्टास पेटला, त्यावर तेल ओतिले, तीन जणांनी पान्यावर भार दिला, आणि तेहतीस जणांनी "डावीकडे! अहो, डावीकडे!" ऐसा सल्ला दिला, तेव्हा तो पडला. बाक उचलोन फिरविला व पुन्हा आवळिला. रविवारी भाऊजी गाडीत बसोन गेले.

तपशील येणेप्रमाणे नमूद असे: सोमवारी सायंकाळी वहिनीसाहेब घरून एकट्या निघाल्या. बाकावर तिघे आधीच होते. "सरका हो जरा," ऐसे फर्माविले, ते सरकले. दहा मिनिटे बसल्या, मग उठल्या, कोपरा सर केला आणि पायीच माघारी आल्या. फत्ते जाहली. नोंद कायम.