मेयोनीज न ढकलता तपासण्याची पद्धत

तेल वाहतं आणि पाणीही वाहतं. पण पाण्यात तेलाचे थेंब पुरेशा दाटीनं कोंबले, की दोघांचंही वाहणं थांबतं. भाईंदरजवळच्या बेव्हर्ली पार्कमधल्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये हेच तत्त्व पाळलं जातं: शेजारची गाडी हलल्याशिवाय आपली निघत नाही. असं दाट मेयोनीज हलकेच ढकललं तर दबतं आणि सोडलं की जागेवर येतं. जास्त ढकललं तर नांगी टाकून वाहू लागतं. वाहायला लावणाऱ्या त्या किमान जोराला यील्ड स्ट्रेस म्हणतात.

भाईंदर पूर्वेच्या आमच्या कारखान्यात हा यील्ड स्ट्रेस किमान ऐंशी पास्कल असावा, असा नियम होता. मार्चमध्ये व्यवस्थापनानं ग्राहकांच्या हृदयाची काळजी म्हणून तेल पंचाहत्तर टक्क्यांवरून पन्नासवर आणलं. (खिशाला हृदयविकार होत नसल्यानं किंमत तीच ठेवली.) थेंबांना ऐसपैस जागा झाली आणि यंत्रानं आकडा दाखवला: तीन.

यंत्र चालवायची उत्तनची लिनेट. येत्या शुक्रवारी ती कायम होणार होती. तिचं सहा महिन्यांचं प्रोबेशन आधीच दोनदा ताणलेलं होतं (दोन्ही वेळा ती दुसऱ्या दिवशी पूर्ववत कामावर आली, याला स्थितिस्थापकता म्हणतात). तिनं रिपोर्टवर ‘नापास’ लिहिलं.

लगेच पाच जणांची समिती नेमली गेली. तीन दिवस, सात बैठका आणि बेचाळीस समोसे खर्ची घालून समितीनं शोधलं, की माल वाहतो कारण यंत्र त्याला ढकलतं. सबब, यापुढे तपासणी शून्य जोर लावून करावी. या पद्धतीनं शंभर टक्के माल पास झाला.

“सर, असं तर पाणीपण पास होईल,” लिनेट म्हणाली.

“झालं ना. सकाळीच करून बघितलं,” क्वालिटीचे प्रमुख कौस्तुभ सर म्हणाले. “तू फक्त सही कर. शुक्रवारी लेटर तुझ्या हातात.”

“वाहतंय ते, सर. घट्ट आहे म्हणून कसं लिहू?”

“अगं, परमनंट व्हायचंय ना तुला? एवढी ताठ राहिलीस तर कसं जमणार?”

“ताठ राहतंय की नाही, तेच बघायला ठेवलंय ना मला इथे?”

शुक्रवारी लेटर आलं. त्यात तिची सेवा समाप्त झाली होती. तिनं डबा आणि चष्मा पिशवीत टाकला आणि उत्तनची बस पकडली.

रिपोर्टवरची सहीची जागा रिकामी ठेवता येत नाही, म्हणून शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या मी ती सही केली. (लागलेला जोर: एक वाक्य, चहासह.) कायम झाल्याचं लेटर मला सोमवारी मिळालं.

माल बाजारात गेला. तक्रारींच्या धास्तीनं समितीनं वेगळा फोन घेतला होता. तो अजून एकदाही वाजलेला नाही. तुम्ही सँडविच तिरकं धरलंत, मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलेलं चाटून घेतलंत, आणि गाडीवाल्याला म्हणालात, “भैया, थोडा मेयो और डालो.”