भूतदयेचा टेम्पो

या, असे पुढे सरका. भिंतीला पाठ लावून बसलेले तुम्ही, तुम्हीसुद्धा! पाठ टेकली की डोळा लागतो, हे कीर्तनात बसणाऱ्याला सांगावं लागत नाही. आज कथा ऐकायची आहे बोरटेकच्या आप्पासाहेबांची. कथा भूतदयेची आहे. तिच्यात दया थोडी आणि फलक मोठा, तेवढं चालवून घ्या!

आप्पासाहेब म्हणजे बोरटेकचे सरपंच. बोरटेक प्रवरेच्या अलीकडं, करंजमळी पलीकडं. करंजमळीचे सरपंच सहादेवराव हे आप्पासाहेबांचे साडू. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी, आणि त्यांच्यात काडीचंही भांडण नाही. भांडायचं सगळं काम या दोघांनी अंगावर घेतलेलं!

यंदा शहरातल्या एका संस्थेनं ‘प्राणिमित्र गाव’ अशी स्पर्धा काढली. शाळेतल्या पोरांना मुक्या जिवांवर माया करायला शिकवायचं, गावानं ती करून दाखवायची, आणि जिंकेल त्या गावाला ही एवढी पितळी ढाल.

“ढाल बोरटेकलाच येनार!” आप्पासाहेबांनी पारावर मांडी थोपटली. “साडूला म्हनावं, तोवर तू जागा सारवून ठिव... बघायला बसायची!”

तयारी सुरू झाली. फलक लागला. त्यावर आप्पासाहेब हात जोडून उभे, बैलाएवढे. कोपऱ्यात एक कुत्रा, माशीएवढा. पाखरांसाठी झाडाझाडाला वाडगी टांगली. त्यांत पाणी घालायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही, पण रंग फार सुरेख दिला होता! पोरांकडून शपथ घोकून घेतली. आणि मुख्य म्हणजे, आप्पासाहेबांची नात ज्ञानेश्वरी भूतदयेवर कीर्तन करणार होती. पोरगी सहावीतली, पण उभी राहिली की म्हातारी माणसं टाळ विसरून ऐकत बसत.

अडचण एकच. गावातली कुत्री! खरुजलेली, लोळणारी, नेमकी मांडवात येऊन ताणून देणारी.

“कल्यान,” आप्पासाहेबांनी टेम्पोवाल्याला हाक मारली, “ही समदी गोळा कर आन् करंजमळीत सोडून ये. भूतदयेच्या कार्यक्रमात कुत्री कशाला?”

कल्याणनं बुंदी टाकली, कुत्री टेम्पोत चढली. त्यांत चिपळ्याही चढला. हा तीन पायांचा पिवळा कुत्रा देवळापाशीच वाढलेला. ज्ञानेश्वरी कीर्तनाला उभी राहिली की हा पहिल्या रांगेत. गजर वाढला की शेपटी फरशीवर आपटायचा, म्हणून चिपळ्या. त्याला अर्धी भाकरी दिल्याशिवाय तिची न्याहारी होत नसे.

संध्याकाळी पोरगी कळवळली, “आबा, चिपळ्या कुठंच दिसत न्हाई!”

“गेला आसंल कुनाच्या लग्नाला. तू पाठांतर कर!”

“अवं,” मनकर्णाबाई भाकरी थापता थापता नवऱ्याला म्हणाल्या, “लेकराच्या तोंडाकडं तरी बघा.”

आप्पासाहेबांनी बघितलं नाही. फलकाकडं बघितलं. तिथं तेच होते, बरं वाटलं!

सकाळी ते शाळेच्या मैदानावर आले आणि जागीच थिजले. मांडव कुत्र्यांनी भरलेला! एकही ओळखीचं नाही. नाही म्हणायला एक कानतुटका काळा तेवढा ओळखीचा निघाला. साडूच्या घरी गेलं की हाच अंगावर यायचा. डोक्यात लख्ख उजेड पडला. नदीला पूल दोन. कल्याणचा टेम्पो जुन्या पुलावरून तिकडं गेला, तेव्हाच साडूचा टेम्पो नव्या पुलावरून इकडं आला होता!

“हाना रं काठ्या!” ते ओरडले, आणि तेवढ्यात फाटकात गाडी थांबली. संस्थेच्या विजयमालाताई उतरल्या. जनावरांच्या डॉक्टर. आप्पासाहेबांच्या हातातली काठी क्षणात पाठीमागं गेली.

“अरे वा! ही सगळी तुमच्या गावातली?”

“लहानाची मोठी केलीत, ताई! पोटच्या पोरावानी!”

“छान! नावं काय यांची?”

“ह्यो मोत्या. त्यो राजा. ती... ती चंपी...” नावं संपली, कुत्री संपेनात. घाम पुसत त्यांनी कानतुटक्याकडं बोट केलं, “आन् ह्यो बजरंग!”

पहिल्या रांगेतले पंचायतीचे सदस्य बजरंगराव ताडकन उठले. “आता मी काय केलं?”

पोरं खदखदली. कानतुटक्यानं तेवढ्यात पोटच्या पोराच्या मायेनं आप्पासाहेबांच्या धोतराचा सोगा दातांत धरला.

ताई हसून म्हणाल्या, “आत्ताच करंजमळी बघून आले. तिथली कुत्री काय शहाणी! टाळ वाजले की रांगेत बसतात. एक तीन पायांचा पिवळा तर शेपटीनं ठेका धरतो हो!”

आप्पासाहेबांच्या अंगाची आग झाली. आपली कुत्री, आपल्या देवळातलं वळण, आणि ढाल साडूला! त्या आगीत मागं वीणा घेऊन उभी असलेली नात त्यांना दिसलीच नाही. तिनं सगळं ऐकलं होतं. काल कल्याणचा टेम्पो कुठं गेला होता, ते तिला आता उमगलं. पदर खोचला आणि कीर्तनाला उभी राहिली.

कथा लावली भाकरीची. कुत्र्यानं भाकरी पळवली, आणि संत तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागं धावले: देवा, कोरडी खाऊ नकोस! तुम्ही आम्ही शंभरदा ऐकलेली कथा. पण त्या दिवशी पोरीचा आवाज असा लागला की मांडवातली परकी कुत्रीसुद्धा गप्प झाली. आप्पासाहेबांनी डोळे पुसले. ताई आपल्याकडं बघताहेत ना, तेही बघून घेतलं.

“संत कुत्र्यामागं तूप घिऊन धावलं,” पोरगी म्हणाली आणि थांबली. “आन् आमच्या आबांनी कुत्र्यामागं काय धाडलं? टेम्पो!”

टाळ थांबले. मृदंगावरचा हात वरच राहिला.

ताईंनी सहादेवरावांना फोन लावला, सगळ्यांना ऐकू येईल असा, आणि कुत्री कुणाची ते विचारलं.

“न्हाई, न्हाई, ताई! समदी आमचीच! आमच्या डोळ्यांदेखत जल्मल्यात!”

ज्ञानेश्वरी फोनवर वाकली. “चिपळ्याऽऽ!”

पलीकडून असा काही टाहो फुटला की बजरंगराव पुन्हा उभे राहिले. मग सहादेवरावांचा बारीक आवाज आला, “त्यो एक... जरा नवीन हाय.”

“आपापली कुत्री आपापल्या गावात,” ताई म्हणाल्या. “दोन्ही सरपंचांनी जातीनं आणायची. आत्ता!”

निघताना मनकर्णाबाईंनी नवऱ्याच्या हातात भाकरी दिली आणि वर तुपाची वाटी ठेवली. “जावा. कीर्तन ऐकलंत न्हवं?”

करंजमळीत बाकीची कुत्री बुंदीला भुलून पुन्हा चढली. चिपळ्यानं मात्र टेम्पो बघितला आणि धूम ठोकली. जुन्या पुलावरून थेट बोरटेकच्या दिशेनं! एकदा फसलेला जीव तो. त्याला आप्पासाहेबांपेक्षा अक्कल जास्त!

“आरं थांब! ह्ये तूप... आरं देवा, थांब!”

पुढं तीन पायांवर चिपळ्या, मागं दोन पायांवर आप्पासाहेब, आणि तरी अंतर वाढतच चाललेलं. तूप मनगटावरून कोपरात, कोपरातून धोतरात. पुलावर उसाचे ट्रॅक्टर थांबले. पोरं मोबाईल धरून ओरडत होती, “पळा आबा, पळा!”

चिपळ्या जो सुटला तो शाळेच्या मांडवात ज्ञानेश्वरीच्या पायाशी येऊन पडला. तिनं त्याच्या गळ्यात तोंड खुपसलं. आप्पासाहेब पायरीवर कोसळले. हातात वाटी, वाटी कोरडी. भाकरी तेवढी कानतुटक्यानं वेशीतच लांबवली होती. सहादेवरावांकडून त्याला न्यायचं राहूनच गेलं होतं!

ढाल दोन्ही साडूंना मिळाली नाही. ती गेली तिसऱ्याच गावाला. तिथं फलक नव्हता, मांडव नव्हता. पोरं नुसती रोज वाडग्यांत पाणी भरत होती म्हणे.

आप्पासाहेबांना लाज वाटली असेल, असं तुम्हाला वाटतंय ना? किती भोळे तुम्ही! पोरांनी काढलेला फोटो गावोगाव फिरला आणि लोक म्हणाले, काय हा कुत्र्यावर जीव! पुढच्याच आठवड्यात वेशीवर नवा फलक लागला. तूप घेऊन धावणारे आप्पासाहेब, आणि खाली मोठ्या अक्षरांत ‘भूतदयेचा मेरुमणी’. फोटोतला कुत्रा मात्र कापलाय. जागा पुरली नाही!

तेव्हा मंडळी, उद्या कधी कीर्तनात हात जोडाल, तर एवढं करा. त्या कापलेल्या कुत्र्याची आठवण ठेवा. त्याला फलकाचं काही नाही. तो अजूनही पहिल्या रांगेतच बसतो. फक्त बाहेर टेम्पोचा आवाज आला, की त्याची शेपटी तेवढी थांबते.