मेदून न्जायचं जेवणाचं वेळापत्रक

थिएस शहराच्या रेल्वे स्टेशनात तीस वर्षं गाड्यांच्या वेळा फळ्यावर लिहिणाऱ्या मेदून न्जायला एका गोष्टीबद्दल तिळमात्र शंका नव्हती. आपल्या अक्षरात जे लिहिलं जातं, ते पाळलं जातं. गाड्या कधी वेळेवर आल्या नाहीत, पण तो दोष गाड्यांचा.

निवृत्त झाल्यावर त्याने घराचं स्वयंपाकघर हाती घेतलं. कारण गेल्या बकरीदचा मेंढा. तो इतका किरकोळ निघाला होता, की शेजारच्या बिराम जोप शिंप्याने भर गल्लीत विचारलं होतं, "न्जाय, याची आई कधी येतेय?" न्जाय आणि जोप घराण्यांचं नातं पिढ्यान्‌पिढ्या थट्टेचं. एकमेकांना खादाड म्हणायचं, टोमणे मारायचे आणि राग मानायचा नाही, असा रिवाज. त्यामुळे मेदूनला रागावता आलं नाही आणि तो वर्षभर आतल्या आत धुमसत राहिला. यंदा दारात पांढराशुभ्र, शिंगवाला, जोपची वाचा बंद करणारा मेंढा बांधायचाच! त्याचे पैसे बाजारहाटातून वाचवायचे.

त्याने आठवड्याचं वेळापत्रक आखलं: सोमवारी चवळी, मंगळवारी शेंगदाण्याचा रस्सा, बुधवारी बाजरीच्या कण्या, गुरुवारी कांदा-लिंबातली कोंबडी, शुक्रवारी माशाचा भात. शनिवार-रविवारी उरलंसुरलं. आणि मुख्य कलम असं, की घरात माणसं सात तर स्वयंपाकही सातांचाच. त्याची बायको न्गोने रोज तीन मुठी तांदूळ जादा टाकायची, कोणी आलंच तर म्हणून. ते बंद.

स्टेशनातून आणलेला जुना फळा त्याने अंगणाच्या दाराबाहेर टांगला.

"आत लावा की," न्गोने म्हणाली.

"वेळापत्रक आत लावतात का कधी?"

न्गोने तांदूळ निवडायला आत गेली. कुठे गप्प बसायचं, हे ती चाळीस वर्षांच्या संसारात शिकली होती.

सोमवारी चवळीला कोणीच आलं नाही. बुधवारी कण्यांनाही नाही. एरवी दुपारी परात मांडली, की दोघं-तिघं सलाम करत आत यायचे, आणि आलेल्याला "या, बसा जेवायला" म्हणावंच लागायचं. मेदूनने बायकोला शिस्तीचा महिमा ऐकवला. गुरुवारी चौघं आले. शुक्रवारी अकरा. बिराम जोप तर स्वतःचा चमचा घेऊन आला होता. परात पुरेना, तेव्हा सून दोनदा मासळीबाजारात धावली. शेजारच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्याने जाताना अदबीने विचारलं, की पुढचा शुक्रवारही वेळेवर आहे ना.

मग मेदूनला शक्कल सुचली. फळ्यावर त्याने अदलाबदल केली: सोमवारी माशाचा भात, शुक्रवारी चवळी. शिजायचं मात्र पहिल्यासारखंच. सोमवारी तेरा माणसं हात धुऊन बसली आणि पुढ्यात चवळी आली. सगळ्यांनी फक्त दाराबाहेरच्या फळ्याच्या दिशेने पाहिलं. मेदूनच्या हातचं अक्षर खोटं ठरत होतं, आणि या वेळी दोष द्यायला गाडीही नव्हती.

"मासे येतायत," तो पुटपुटला. "जरा उशिरा धावतायत."

सुनेला पुन्हा बाजारात पिटाळलं. शुक्रवारी दार लावून गुपचूप माशाचा भात शिजला, पण वासाला कडी कशी घालणार? नऊजण आले. एका आठवड्यात दोनदा मासे या घरात लग्नकार्यातही झाले नव्हते.

शनिवारी फळा उतरला आणि त्या तीन मुठी मुकाट्याने पातेल्यात परतल्या.

बकरीदच्या आदल्या दिवशी मेदूनने मागच्या बोळातून मेंढा आणला. तो गेल्या वर्षीच्या मेंढ्याहूनही लहान होता. बिराम जोप दारात उभाच होता. त्याने मेंढ्याभोवती एक फेरी मारली, पाठीवरून हात फिरवला, बरगड्या चाचपल्या.

"न्जाय," तो म्हणाला, "हा सोमवारचा दिसतोय."

सगळ्यात आधी हसली ती न्गोने. मेदूनने रिवाजाप्रमाणे राग मानला नाही. फक्त दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आमंत्रण द्यायचं तेवढं टाळलं. जोप अर्थातच आला, स्वतःचा चमचा घेऊन.