दुर्मिळ घराण्याचे चिरंजीव

मोजणीसाहेबांनी दिवाणखान्याच्या भिंतीत चौथा खिळा ठोकला, दोन पावले मागे सरकून एक डोळा मिटला आणि म्हणाले, "अजून अर्धा सेंटिमीटर डावीकडे हवा."

"तीन भोकं पाडून झाली," बायको म्हणाली. "पूर्वजांना टांगायला अख्खी भिंत पोखरणार आहात का?"

फ्रेममध्ये तसे पूर्वज नव्हते, नकाशा होता. साहेब जमीन मोजणीच्या कार्यालयात बत्तीस वर्षे नोकरीला. लोकांच्या जमिनींचे नकाशे त्यांनी पोत्याने काढले, पण स्वतःच्या रक्ताचा नकाशा पहिल्यांदाच हाती आला होता. सत्तावन्नाव्या वाढदिवसाला लेकीने एक डबी भेट दिली होती. डबीतल्या नळीत थुंकायचे, नळी प्रयोगशाळेला पाठवायची, की दोन महिन्यांनी आपले बापजादे घरपोच! साहेबांचा अहवाल आला आणि पहिल्याच पानावर छापलेले, "आपली पितृशाखा अत्यंत दुर्मिळ आहे." खाली त्या शाखेचे नाव म्हणून एक अक्षर आणि सात आकडे. साहेबांनी ते आकडे दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पाठ केले.

मग काय विचारता! दारात कुरिअरवाला आला तरी साहेब त्याला नकाशासमोर उभा करत. "हे बघ, इथं, या डोंगरात आपला मूळपुरुष. हजारो वर्षांपूर्वीचा. मग पडली थंडी. सगळे गेले, एक उरला. त्याची पोरं ही अशी खिंडीतून खाली उतरली, एक फांदी समुद्राकडे, एक वाळवंटात. वाळवंटातली संपली. आज जगात आम्ही मूठभर."

"सही करा," कुरिअरवाला म्हणे.

साहेबांचा धाकटा भाऊ चष्मेवाला. वडिलांच्या पश्चात त्यांचे दुकान तोच चालवी, वरच्या मजल्यावर बायको आणि आई यांच्यासह राही. चोपन्नाव्या वर्षीही थोरल्याच्या लेखी तो छोटूच होता. साहेबांनी त्यालाही बोलावून नकाशा दाखवला.

"दादा, म्हणजे मीसुद्धा दुर्मिळ?" चष्मेवाल्याने चष्मा पुसत विचारले.

"अरे, म्हणजे काय! हे बापाकडून मुलाला जसंच्या तसं मिळतं. आईचा यात काही संबंध नाही. बाबांचं ते माझं, माझं ते तुझं. प्रयोगशाळेतल्या बाई तर म्हणाल्या, घराण्यातला आणखी एक पुरुष मिळाला तर त्याची तपासणी आम्ही फुकट करू. त्यांना अभ्यासाला हवंय. उद्याच थुंक."

चष्मेवाला दुसऱ्या दिवशी सकाळी आज्ञाधारकपणे थुंकला. इथपर्यंत सगळे ठीक होते.

सहा आठवड्यांनी त्याचा अहवाल दुकानावर आला. "आपली पितृशाखा अतिशय सर्वसामान्य असून ती कोट्यवधी पुरुषांत आढळते." खाली बाईंनी पेनाने लिहिले होते, "आधीचा नमुना आणि हा नमुना एका वडिलांच्या मुलांचे असू शकत नाहीत. काही नजरचूक?"

चष्मेवाल्याच्या पायाखालची जमीनच सरकली. दादाचे रक्त तर भिंतीवर फ्रेम करून लावलेले. मग चूक कोण? त्याने दुकानाचा दरवाजा आतून लावला. चष्म्याच्या दुकानात जिकडे वळावे तिकडे आरसा; त्या दिवशी प्रत्येक आरशातून एक परका माणूस त्याच्याकडे बघू लागला. नाक बाबांसारखे आहे का? कान? कान तर अजिबात नाहीत!

शेवटी त्याने आपल्या धंद्यातला पुरावा काढला. चष्मा करताना दोन डोळ्यांच्या बाहुल्यांमधले अंतर मोजतात. वडिलांनी चाळीस वर्षांची गिऱ्हाइकांची कार्डे खणात जपून ठेवली होती. वडिलांचे स्वतःचे कार्ड निघाले. चौसष्ट मिलिमीटर. चष्मेवाल्याने आपले अंतर मोजले. एकसष्ट. तो कार्डे चाळत गेला आणि एका कार्डावर थबकला. मागच्या खोलीत पूर्वी एक भाडेकरू असे, बासरीवाला. त्याचे अंतर एकसष्ट! आणि कान, आता आठवले, हे एवढाले!

तो तसाच वर गेला. आई मटार सोलत होती.

"आई, तो बासरीवाला भाडेकरू आठवतो का गं?"

"न आठवायला काय झालं! फार गुणी माणूस."

"गुणी म्हणजे... कसा?"

"तुझ्यावर भारी जीव होता त्याचा. तासन्‌तास मांडीवर घेऊन बसायचा. तू रडलास की मला म्हणायचा, द्या इकडे, माझ्याकडे गप्प होतो."

चष्मेवाल्याला घाम फुटला. "आणि... बाबा?"

"त्यांचा तर जिगरी दोस्त! बिचाऱ्यांना काय माहीत..."

"काय? काय माहीत नव्हतं?"

"की तो असा न सांगता खोली सोडून जाईल म्हणून. पण तू असा पांढराफटक का पडलायस? पोट बिघडलंय?"

चष्मेवाल्याच्या बायकोपासून काही लपेना. तिने दोन्ही कार्डे घेतली, उलटसुलट पाहिली आणि म्हणाली, "अहो, एकसष्ट तर पोस्टमनचंही आहे."

"पोस्टमन?" चष्मेवाला किंचाळला. "म्हणजे पोस्टमनसुद्धा?"

"तसं नाही हो! निम्म्या गावाचं एकसष्ट असतं असं म्हणतेय मी. उद्या सरळ भाऊजींना जाऊन विचारा."

"कोणत्या तोंडानं विचारू? दादाच्या घरात आता मी कोण?"

माणूस सरळमार्गी असला की त्याचे दुःखसुद्धा सरळ मार्गाने निघते. चष्मेवाल्याला खऱ्या अर्थाने सलत होता तो एकच शब्द. दुकानाच्या पाटीवर ठळक अक्षरांत होते, "चष्मेवाले आणि चिरंजीव." थोरला सरकारी नोकरीत गेला तेव्हा वडील महिनाभर उदास होते. मग धाकटा परीक्षा पास होऊन दुकानात बसला, आणि वडिलांनी त्याच सकाळी पेंटर बोलावून "आणि चिरंजीव" लिहून घेतले. शिडी स्वतः धरून उभे राहिले होते. तो शब्द म्हणजे चष्मेवाल्याची सारी कमाई. पण जे आपले नाही ते आपल्या डोक्यावर कसे मिरवायचे? त्याने पेंटरला निरोप धाडला.

दुसऱ्या दिवशी साहेब कार्यालयातून परतताना मुद्दाम दुकानाच्या रस्त्याने आले. छोटूचा अहवाल यायला हवा होता, आणि शेजारी दुसरी फ्रेम लावण्यासाठी त्यांनी जागाही मोजून ठेवली होती. पाहतात तो शिडीवर पेंटर, हातात पत्र्याची पट्टी, आणि पाटीवर "चष्मेवाले आणि चिरं". पुढचा "जीव" गेलेला. शिडी धरून चष्मेवाला उभा, डोळे लाल.

"अरे, अरे! बाबांची पाटी का खरवडतोयस?"

"दादा, त्यांची नाही खरवडत, माझीच खरवडतोय." चष्मेवाल्याने अहवाल पुढे केला. "मी बाबांचा नाही रे. बाईंनी लिहून दिलंय. तू काळजी करू नकोस, आईला मी काही बोललो नाही, बोलणारही नाही. फक्त... तुला दादा म्हटलं तर चालेल ना? सवय आहे."

साहेबांनी कागद वाचला. वाचता वाचता त्यांचा चेहरा आधी तांबडा झाला, मग पिवळा, मग त्याला कोणताच रंग राहिला नाही.

"छोटू," ते पुटपुटले, "थांबव त्याला."

"नको दादा, खोटं मिरवायचं नाही."

वरून पट्टीचा आवाज आला. अनुस्वार गेला. साहेबांना राहवले नाही. सगळी प्रतिष्ठा गुंडाळून ते भर रस्त्यात ओरडले, "अरे, ती थुंकी माझी नव्हती!"

पेंटर थांबला. समोरच्या दुकानातली गिऱ्हाइकेही थांबली.

"तुझी नव्हती? मग कोणाची होती?"

"मेव्हण्याची!" साहेबांनी कपाळावर हात मारला. "माझं तोंड त्या रक्तदाबाच्या गोळीनं कोरडं ठाक. नळीवर रेघ होती, रेघेपर्यंत भरा म्हणून. तासभर प्रयत्न केला रे, नुसता फेस! मी मोजणीतला माणूस, रेघेच्या खाली नमुना पाठवू? तेवढ्यात मेव्हणा आला. तो दिवसभर लोकांना गाडी शिकवतो, क्लच सोडा, क्लच सोडा म्हणून ओरडून त्याच्या तोंडाला कायम पाणी सुटलेलं. म्हटलं, एवढी नळी भर. त्यानं मिनिटात भरली, वर विचारलं, अजून पाहिजे का दाजी!"

"आणि तू तो नकाशा लावलास?"

"पहिले दोन दिवस आठवत होतं. मग लोक वा वा करायला लागले, आणि खरंच सांगतो, विसरलोच मी."

चष्मेवाल्याने शिडी सोडली आणि थोरल्याच्या गळ्यात पडून हमसाहमशी रडू लागला, आणि रडता रडता हसू लागला. "म्हणजे मी सर्वसामान्य आहे! दादा, मी साधा आहे रे! कोट्यवधींतला एक आहे!"

"अहो, शिडी!" वरून पेंटर बोंबलला.

शिडी सावरली. पेंटर खाली उतरून म्हणाला, "आता काय करू? खरवडू की रंगवू?"

"रंगव!" दोघे भाऊ एकदम म्हणाले. साहेबांनी स्वतः मोजपट्टी धरून अक्षरांची उंची मोजून दिली, आणि पेंटर शिडीवर चढला तेव्हा दोघांनी दोन बाजूंनी शिडी धरली.

घरी बायकोने सगळे ऐकून घेतले. नकाशाची काच पदराने पुसली आणि म्हणाली, "राहू दे हां भिंतीवर. माझ्या माहेरचा आहे."

पण गोष्ट इथे संपायला साहेब साधे नव्हते. त्यांच्या मोजणीत मुरलेल्या डोक्यात भुंगा शिरला. छोटूची तपासणी खरी, ती झाली. आपली झालीच कुठे? छोटू बाबांचाच धरला, पण मी? त्यांनी तीन दिवसांसाठी रक्तदाबाची गोळी डॉक्टरांना विचारून बदलून घेतली, लिंबू समोर ठेवून तास घालवला आणि रेघेपर्यंत, तंतोतंत रेघेपर्यंत, स्वतःची थुंकी भरली. मग सहा आठवडे ते रोज संध्याकाळी दुकानात येऊन बसत.

"छोटू, माझं अंतर मोज की."

"दादा, कालच मोजलं. त्रेसष्ट."

"बाबांचं चौसष्ट, नाही का? जवळच आहे. कान बघ जरा."

अखेर पाकीट आले. साहेबांनी ते फोडायचे धाडस केले नाही. तसेच घेऊन दुकानाच्या वर गेले. चष्मेवाल्याने फोडले. अत्यंत सर्वसामान्य शाखा. कोट्यवधी पुरुषांत आढळणारी. अक्षर तेच, आकडे तेच, एकही इकडचा तिकडे नाही. आणि खाली बाईंचे पेन, "दोन्ही नमुने एकाच पितृवंशातले. आता जुळले."

साहेबांनी "हुश्श" केले आणि धपकन खुर्चीत बसले. इतके सामान्य असल्याचा एवढा आनंद त्यांना आयुष्यात कधी झाला नव्हता. चष्मेवाल्याने त्यांच्या पाठीवर थाप मारली, साहेबांनी त्याच्या, आणि दोघे लहान पोरांसारखे एकमेकांना थापा मारत सुटले.

आईने हातातले काम ठेवून वर पाहिले. "काय चाललंय काय? कसलं पत्र आहे?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिले. थोरल्याने घसा साफ केला.

"आई, तपासणी करून घेतली. नक्की झालं. आम्ही दोघंही बाबांचेच."

आईने दोघांना वरपासून खालपर्यंत न्याहाळले.

"बरं झालं बाई, कळलं एकदाचं," ती म्हणाली. "मी आपली इतकी वर्षं अंदाजानंच चालले होते."