उजवीकडेच वळणारे नेमाण्णा

नेमाण्णांच्या गाडीला डावीकडे वळता येत नसे. म्हणजे नेमाण्णांना येई, गाडीला येत नसे. डाव्या हाताच्या गल्लीत जायचं झालं की ते ती गल्ली ओलांडून सरळ पुढे जात. मग उजवीकडे वळत, पुन्हा उजवीकडे, पुन्हा उजवीकडे, आणि निपाणीची निम्मी पेठ फिरून शेवटी त्याच गल्लीच्या तोंडाशी समोरून येत. आमचं घर आणि त्यांचं घर शेजारी शेजारी, दोन्ही त्या डाव्या गल्लीत. त्यामुळे स्वतःच्या घरी यायलासुद्धा त्यांना रोज गावप्रदक्षिणा घडे.

कुणी हसलं की ते गाडी थांबवून विचारत, "प्रदक्षिणा कुठल्या अंगानं घालत्यात? उजव्या. मग देवाला चालतंय ते तुम्हांस्नी का चालत न्हाय?"

दुकानदारांनी मात्र याचा फायदा घेतला होता. कापडवाला हाक मारायचा, "अण्णा, फिरून तिकडं निघालाच हाय तर एवढी पिशवी तेल्याच्या दुकानात टाका की!" नेमाण्णा टाकत. लाखांची तंबाखू विकणारा हा माणूस पेठेतून अशी लोकांची मिठाची पुडकी आणि चपला पोचवत हिंडे.

मुलांनो, परवा रोहितने स्वतःच्या गाडीचा फोटो पाठवला. बुटक्या गाडीला ही एवढाली चाकं! खाली लिहिलं होतं, "आजी, असं काही तू पाहिलं नसशील." बाळा, पाहिलंय. तुझ्या वडिलांच्या जन्माच्या आधी पाहिलंय. आता बसा आणि वाचा. आधी माणसाचं सांगते, मग गाडीचं, मग चाकांचं. क्रम मोडला की गोष्ट कळत नाही.

नेमाण्णा निपाणीचे जैन व्यापारी. बायको तरुणपणीच गेली, मूलबाळ नाही. घरात ते आणि एक बहिरा स्वयंपाकी. उंचीने माझ्या आईच्या खांद्याला लागत, आणि म्हणूनच की काय, त्यांचा सगळा विश्वास उंचीवर होता. "जमिनीला चिकटलं की रुतलंच!" हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. पलंगाखाली विटा, कपाटाखाली विटा, गाईच्या गव्हाणीखालीही विटा. गाय मान वर करकरून वैरण खाई आणि आमच्याकडे केविलवाणं बघे. भिंतीवरचं घड्याळ त्यांनी इतकं वर टांगलं होतं की त्याला किल्ली द्यायला शिडी लागे. शिडी कुणी आणत नसे, म्हणून घड्याळ कायम सव्वाचारच दाखवी. "निदान पुढंमागं तरी हुत न्हाय," असं ते म्हणत.

असा हा उंचीचा भक्त एके दिवशी बेळगावला गेला आणि जगातली सगळ्यात बुटकी मोटार घेऊन आला.

कॅम्पातला एक गोरा अधिकारी विलायतेला परत निघाला होता. त्याची लाल रंगाची, दोन माणसांची, उघडी, शर्यतीत पळवतात तसली गाडी. आत बसलं की पाय लांब पसरावे लागत. बुड जमिनीपासून वीतभर वर. पहिल्या दिवशी नेमाण्णा तिच्यातून गल्लीत आले तेव्हा आम्हाला लाल पत्रा आणि त्यावर ठेवलेला एक फेटा एवढंच दिसलं. माझे बाबा वकील. ते ओसरीवरून म्हणाले, "अण्णा, फेटा विकत घेतला की मोटार?"

"वकीलसाहेब, पळती बघा कशी! बेळगावास्नं दुपारी निघालतो, उन्हं कलायच्या आत तवंदीचा घाट उतरलो."

त्यांना गाडी पळायलाच हवी होती. का, ते कुणाला ठाऊक नव्हतं. दर अष्टमीला आणि चतुर्दशीला, तंबाखूचे व्यवहार आटपले की दुपारी ते सदलग्याला जायला निघत. तिथे त्यांची थोरली बहीण राही. तिला सगळे आक्काच म्हणत. आधी बैलगाडीने सकाळपासूनचा दिवस मोडे. प्रवाशांची सर्व्हिस मोटार पहाटे एकदाच सुटे, तीही मालकाच्या मर्जीने. म्हणून मोटार घेतली, असं आम्ही धरून चाललो.

उन्हाळाभर ठीक चाललं. पुढे पाऊस झाला आणि सदलग्याच्या रस्त्यावर बोरगावच्या पुढची काळी माती फुगली. बैलगाड्यांनी त्या वाटेवर दोन खोल चाकोऱ्या पाडलेल्या, मध्ये उंच वरंबा. लाल गाडीची चाकं चाकोरीत उतरली, पोट वरंब्यावर टेकलं, आणि मागची चाकं हवेत गरगर फिरू लागली. नेमाण्णा आत बसून जोरजोरात भोंगा वाजवत होते. शेवटी एका शेतकऱ्याने नांगराचे बैल जुंपून गाडी मागे ओढली. हे एकदा नाही, त्या पावसाळ्यात दर वेळी झालं. पुढे पुढे तो शेतकरी अष्टमीला बैल बांधावर आणूनच ठेवू लागला.

दसऱ्याच्या सुमारास नेमाण्णा आमच्या ओसरीवर आले. मी बेळगावच्या शाळेतून सुट्टीला आले होते. त्यांनी गाडीबरोबर मिळालेलं इंग्रजी पुस्तक माझ्यापुढे टाकलं. "पोरी, चाकांचं काय लिवलंय वाच."

मी वाचून मराठीत सांगितलं, "कारखान्याने ठरवलेल्या मापापेक्षा मोठी चाकं बसवू नयेत."

"का?"

"नीट चालणार नाही म्हणून."

"आन् आता लई नीट चालतीया व्हय? ज्यानं लिवलंय त्यानं बोरगावची वाट बघितलीया का?"

"नसेल बघितली."

"मग मिटलं."

त्यांनी एका मोडक्या लॉरीची चाकं मिळवली. हसन मिस्त्रीने ती बसवली, पण कानावर हात ठेवून. "अण्णा, बकरीला हत्तीचं पाय लावलासा. पडली तर माझं नाव घेऊ नगा." मडगार्ड कापली. चाकांचे दांडे बदलले. डाव्या बाजूला धुराचा नळ होता. डावीकडे वळवलं की चाक त्यावर घासून थांबे. मिस्त्री म्हणाला, नळ काढून पलीकडून घेतो, आठ दिवस गाडी ठेवा. नेमाण्णा म्हणाले, "आठ दिवस? परवा अष्टमी हाय!" आणि गाडी तशीच घेऊन आले.

आता गाडीत चढायला स्टूल लागे. स्टूल मागे दोरीने बांधलेलं असे. ते लोंबकळत ठाण ठाण वाजे, त्यामुळे भोंग्याची गरज उरली नाही. पोरांनी गाडीचं नाव 'उंट' ठेवलं. आणि नेमाण्णा? आयुष्यात पहिल्यांदा ते सगळ्या निपाणीकडे वरून खाली पाहत होते.

बाबांनी विचारलं, "अण्णा, हा खटाटोप कशासाठी?"

नेमाण्णांनी गंभीर चेहरा केला. "मुंग्यांसाठी. ल्हान चाक जास्त फिरतंय, मोठं कमी. फेरं कमी, तर मुंग्या कमी मरत्यात."

"अहो, चाक केवढंही असलं तरी वाट तेवढीच ना? तेवढ्याच मुंग्या!"

"वकीलसाहेब, कोरटात तुमचं खरं. मुंग्यांत माझं."

बाबांसारखा वकील या एकाच माणसापुढे हरला. गावभर झालं, नेमाण्णांनी मुंग्या वाचवायला लॉरीची चाकं लावली. काहींनी हात जोडले, बाकीचे पोट धरून हसले.

त्या अष्टमीला त्यांनी मला बरोबर नेलं. आईला म्हणाले, "वैनी, पोरीला घेऊन जातो. उद्या सकाळी परत. गाडी मधीच अडून बसली तर हिला इंग्रजीत समजूत घालता यील." आई हसली आणि मी स्टुलावर चढले.

बोरगावच्या पुढची चाकोरी आली. बांधावर तो शेतकरी बैल घेऊन उभाच होता. उंट चाकोरीत उतरला, वरंब्याच्या वरून अलगद गेला आणि पार झाला. नेमाण्णांनी फेटा काढून बैलांकडे हलवला. शेतकऱ्याचं तोंड मात्र उतरलं होतं. त्याची चार महिन्यांची करमणूक संपली होती.

पण मी पाहत होते, नेमाण्णांचं लक्ष वाटेकडे कमी आणि मावळतीकडे जास्त. "किती वर हाय गं दिस?" ते सारखे विचारत. "बाभळीच्या वर हाय नव्हं?"

सदलगा आला. दिवस बाभळीच्या बराच वर होता. नेमाण्णा खुशीत गुणगुणू लागले, आणि एकदम गप्प झाले. आक्कांची गल्ली डाव्या हाताला होती.

ही गोष्ट त्यांच्या लक्षातच आली नव्हती. बैल, माती, वरंबा, सगळ्याचा विचार केला होता. गल्ली कुठल्या हाताला आहे, एवढं सोडून.

"प्रदक्षिणा," मी म्हणाले.

"गप गं!" असं म्हणून त्यांनी गाडी पुढे दामटली. पहिलं उजवं वळण मिळालं. दुसऱ्यासाठी पार गावाबाहेर जावं लागलं. तिथे वाटेत उसाची गाडी उलटी होऊन पडली होती, ती उचलेपर्यंत थांबलो. तिसऱ्या वळणावर एक म्हैस बसली होती. नेमाण्णांनी भोंगा वाजवला. म्हशीने कान हलवला.

"ऊठ की गं बये! जैनाला असं वाटंत अडवायचं असतंय व्हय?" म्हैस रवंथ करत राहिली. दिवस बाभळीच्या शेंड्याला लागला.

नेमाण्णांनी गाडी तिथेच सोडली. स्टूल सोडायलाही थांबले नाहीत. त्या उंचीवरून उडी मारली ती थेट चिखलात. उठले, धोतर दोन्ही हातांनी वर धरलं आणि पळत सुटले. पन्नाशीचा बुटका शेठ पुढे, त्याचा फेटा हातात घेऊन मी मागे, आणि आमच्या मागे सदलग्याची सगळी कुत्री.

आक्का उंबऱ्याच्या आत बसल्या होत्या. पांढरं लुगडं, काठीसारखा बारीक देह. समोर दोन ताटं वाढलेली. एकातही घास मोडलेला नव्हता.

"आलास?"

"आलो. दिस हाय आजून."

"हाय की. तोंडाला चिखुल लागलाय."

"गाडी उंच झालीया, आक्का."

"तू हाईस तेवढाच हाईस. हात धू."

तिसरं ताट माझं आलं. भाकरी, भोपळ्याची भाजी, वरण, तूप. भिंतीवर उन्हाची एक पट्टी उरली होती, ती वर वर सरकत होती, आणि बहीणभाऊ तिच्याकडे बघत बघत जेवत होते. पट्टी आढ्याला लागायच्या आत दोघांनी पाणी पिऊन तांबे पालथे घातले. मग नेमाण्णांनी केवढा तरी मोठा श्वास सोडला आणि म्हशीची समजूत काढायला गेले.

आक्का मला म्हणाल्या, "मी अष्टमी-चौदसला एकदाच जेवते, पोरी. दिस बुडाल्यावर आमच्यात खात न्हाईत, तुला ठावं आसंल."

"मग दुपारीच का नाही जेवत?"

"आई गेली तवा ह्यो पाळण्यात हुता. मी भरवल्याबिगर खायाचा न्हाय, आन् ह्यो खाल्ल्याबिगर मी. आता मोडायची का ती रीत?" त्या खरकटं गोळा करत होत्या. "पावसाळ्यात गाडी रुतायची. मी वाढून बसायची. दिस गेला की ताट गाईम्होरं. अंधारात यायचा आन् इचारायचा, 'जेवलीस नव्हं?' मी म्हनायची, 'व्हय, पोटभर.'"

"मग त्यांना कळलं कसं?"

"गाईनं सांगितलं आसंल." आक्का हसल्या. "गावभर सांगतोय म्हनं, मुंग्या वाचवाय चाकं लावली. खोटं न्हाय ते. एक मुंगी हाय. ती मी."

पुढे माझं लग्न झालं. युद्ध आलं, पेट्रोल मिळेनासं झालं. आईच्या पत्रांतून कळे की नेमाण्णांचा उंट आता फक्त अष्टमी-चतुर्दशीलाच हलतो, बाकीचे दिवस ते पायी फिरतात. मग एका पत्रात आक्का गेल्याचं कळलं.

युद्ध संपल्यावर मी माहेरी आले तेव्हा लाल गाडी पुन्हा बुटकी झाली होती. जुनी चाकं परत बसवली होती आणि लॉरीची चाकं गव्हाणीपाशी टेकून ठेवली होती. गव्हाणीखालच्या विटाही कुणीतरी काढल्या होत्या. आता गाडीला डावीकडे वळता येत होतं. तरीही नेमाण्णा संध्याकाळी गल्ली ओलांडून पुढे जायचे, आणि उजवीकडे, उजवीकडे, उजवीकडे वळून, बऱ्याच वेळाने घरी यायचे.

मी विचारलं, "अण्णा, आता का हो एवढा फेरा?"

ते फेटा सारखा करत म्हणाले, "लवकर पोचून काय करू, पोरी?"

मी आत जाऊन आईला सांगितलं. पुढच्या अष्टमीला तिने चार वाजताच चूल पेटवली. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही. बाबा कोर्टातून आले, ताटं पाहून म्हणाले, "हे काय? दिवसाढवळ्या रात्रीचं जेवण? आणि आमटीला लसूण का नाही?"

"आजपासून अष्टमी-चौदसला असंच," आई म्हणाली. तिने बहिऱ्या स्वयंपाक्याला हातवारे करून समजावलं की आज चूल पेटवू नकोस, आणि गड्याकरवी पेठेत निरोप धाडला: ताट वाढलंय, आम्ही थांबलोय, दिवस आहे तोवर या.

मी ओसरीवर उभी होते. ऊन समोरच्या कौलांवर गेलं होतं. पेठेच्या रस्त्यावर लाल गाडी दिसली. ती गल्लीच्या तोंडाशी आली, क्षणभर अडखळली.

आणि सरळ डावीकडे वळली.