मूर्ती क्रमांक चार

ओढ्याकाठच्या हरितपट्ट्यात रोज पाच ते सात नुसते बसून राहणे, हा निवृत्त मास्तरांचा शिरस्ता होता. बायको गेल्यापासून घरातली तिची रिकामी खुर्ची त्यांना संध्याकाळी बघवत नसे. ओढ्यासमोरच्या बाकावर दोन तास निभावून जात.

मग हरितपट्टा 'विरंगुळा क्षेत्र' म्हणून घोषित झाला आणि फाटकावर नोंदवही आली.

"विरंगुळ्याचा प्रकार?" पर्यवेक्षकाने विचारले.

"बसतो."

"बसून काय करता?"

"काही नाही. पाण्याकडे बघतो."

"काका, 'काही नाही'ला रकाना नाही. चालणे, धावणे, योग, पक्षीनिरीक्षण, सामूहिक हास्य. पाण्यावर पक्षी येतो ना एखादा?"

"कधीमधी बगळा येतो."

पक्षीनिरीक्षण लिहिले गेले. आठवड्याभरात दुर्बीण न बाळगल्याची नोटीस आली. मास्तरांनी योगात बदली मागितली. तिथे चटई आणि वैद्यकीय दाखला लागत होता. हास्यगटाने त्यांना दोन दिवस सांभाळून घेतले आणि तिसऱ्या दिवशी 'आवाज अपुरा' असा शेरा मारून परत पाठवले.

"बाबा, घरीच बसा ना," सून म्हणाली. "कशाला अपमान करून घेता?"

"घरचं बसणं वेगळं गं," म्हणत मास्तरांनी चपला घातल्या.

पर्यवेक्षक मनाचा वाईट नव्हता. त्याने नियमावली पालथी घातली. विरंगुळ्याची सक्ती क्षेत्रात येणाऱ्या व्यक्तींना होती, क्षेत्रातल्या वस्तूंना नव्हती. त्याने मास्तरांची नोंद 'बैठी मूर्ती, क्रमांक चार' अशी केली.

"फक्त हलू नका, काका. सातला फाटक बंद झालं की जा घरी."

मास्तरांनी त्याचे हात धरले. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या छातीवर पत्र्याचा क्रमांक आला, दर सोमवारी अंगावरून ओले फडके फिरू लागले. लोक मुलांना त्यांच्या मांडीवर बसवून फोटो काढत. "अगदी जिवंत वाटतो, नाही?" म्हणत. मास्तर पाण्याकडे बघत राहत.

लग्नाच्या वाढदिवशी मात्र त्यांचे डोळे वाहू लागले आणि थांबेनात.

चौथ्या दिवशी कार्यालयात नागरिकांचे निवेदन पोचले : मूर्ती गळते, फोटो खराब येतात, तातडीने हटवावी. निवेदनाची दखल घेऊन मास्तरांना भांडारात जमा करण्यात आले. भांडाराला खिडकी नाही. सून न्यायला गेली, तेव्हा सरकारी वस्तू खासगी व्यक्तीला देता येत नाही, असे तिला नम्रपणे सांगण्यात आले.

निवेदनावर एकशे बारा सह्या आहेत. तुमचीही आहे. फाटकाशी कुणीतरी कागद पुढे केला होता, तुम्ही फिरायच्या घाईत होतात. वाचायचा राहून गेला असेल.