उशीवाल्यांचा ताठ कणा

"माणसाचा कणा वाकतो तो वयाने नव्हे, शिस्तीच्या अभावाने!" हे विधान उशीवाले वर्षानुवर्षे प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवीत आले होते. त्या दिवशी सकाळीही त्यांनी ते तितक्याच आत्मविश्वासाने उच्चारले. फरक एवढाच, की उच्चारताना त्यांचे तोंड फरशीकडे होते.

पाठीला आधार देणाऱ्या उशा घरच्या पुढच्या खोलीत तयार करायच्या, हा त्यांचा उद्योग. शिवण बायकोची, भरण त्यांची आणि बोलणेही त्यांचेच. जमिनीवर ओणवे होऊन, पोटाशी धरलेल्या खोळीत काठीने कापूस ठासता ठासता त्यांच्या स्वतःच्या मणक्यातील चकतीच सरकली होती. शस्त्रक्रिया उद्या सकाळी ठरली होती. आणि आजच एका मोठ्या फर्निचरच्या दुकानाच्या मालकीणबाई माल पाहायला येणार होत्या! त्यांची मागणी मिळाली, तर शिवणयंत्राला उसंत मिळणार नव्हती. पण पाठीच्या उशा करणाराच पाठीने अधू आहे हे त्यांना कळले, तर सारा उद्योग गाशासारखा गुंडाळावा लागणार होता.

"अहो, सरळ सांगून टाकू ना," बायको म्हणाली.

"सांगायचं कशाला? सरळ दिसायचंच! अगं, वाकलेल्या माणसाकडून पाठीची उशी घेणं म्हणजे टकल्याकडून केसांचं तेल घेणं! तो ताग्याचा दांडा आण."

कापडाचा तागा ज्यावर गुंडाळलेला असतो, तो लाकडी दांडा बायकोने त्यांच्या पाठीला मानेपासून कमरेखालपर्यंत लावला, खोळींच्या नाड्यांनी करकचून आवळला आणि वर कोट चढवला. उशीवाल्यांच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले; पण ते ताठ झाले. इतके ताठ, की त्यांच्या शेजारी दाराची चौकटही पोक काढून उभी असल्यासारखी वाटू लागली.

मालकीणबाई आल्या. त्यांनी उशा दाबल्या, शिवणी ताणल्या, चेनी ओढून पाहिल्या, आणि खूश झाल्या.

"छान आहे माल! आता जरा उशी लावून बसून दाखवा."

"मी?"

"मग काय मी दुसरं कुणी घेऊन आलेय?"

"बाई, गिऱ्हाईक उभे असताना कारागिराने बसावे, हा शुद्ध उद्धटपणा आहे!"

मालकीणबाई पटकन खुर्चीत बसल्या. "झालं? आता बसा."

"आता तर मुळीच नाही! माणूस बसला की त्याची विवेकबुद्धीही बसते. जगातले सारे थोर विचार उभ्यानेच झालेले आहेत."

"झोपूनही झाले असतील की बरेच."

"असतील, पण जागे झाल्यावर ते टिकले नाहीत!"

वादाला असा रंग चढला, की उशीवाले दुखणेच विसरले. मुद्दा ठसवण्यासाठी त्यांनी हात उंचावला, तोच कोटाच्या आत काहीतरी करकरले.

"हे काय वाजलं?" मालकीणबाईंनी विचारले.

"शिस्त!" उशीवाले म्हणाले.

इतक्यात फोन वाजला. बायकोचे दोन्ही हात कापसाने भरलेले. तिने कोपराने कसाबसा फोन घेतला, आणि नेमका स्पीकर सुरू झाला.

"हॅलो, हॉस्पिटलमधून सिस्टर बोलतेय. उद्या पाठीचं ऑपरेशन आहे ना? सकाळी उपाशीपोटी या हं!"

मालकीणबाई उशीवाल्यांकडे पाहू लागल्या.

"मेव्हण्याचं आहे," उशीवाले गंभीरपणे म्हणाले. "बिचाऱ्याला शिस्त नाही."

"मेव्हणा कुठला?" फोन म्हणाला. "पाठीच्या उशा करतात ते पेशंट! तपासणीच्या वेळी पलंगाचा कोन चुकलाय म्हणून तासभर डोकं खाल्लं, तेच ते!"

थाप निभावून नेणे उशीवाल्यांना एक वेळ जमले असते. पण या आक्षेपापुढे मौन पाळणे त्यांच्या स्वभावातच नव्हते.

"कोन चुकलेलाच होता!" असे गरजून ते फोनकडे गर्रकन वळले. नाड्या तटातट तुटल्या! दांडा कॉलरमधून बाहेर उसळला आणि वरच्या फळीवर आदळला. फळीवरच्या सगळ्या उशा धबाधब कोसळल्या, आणि त्या ढिगात उशीवाले चाकूच्या पात्यासारखे कमरेत मिटले.

मालकीणबाईंनी त्यांच्या डोक्यावरची उशी उचलली. "म्हणजे तुमचीच पाठ..."

"बाई, आता खरं सांगते," बायको पुढे सरसावली. "यांनी स्वतःची उशी कधी वापरलीच नाही हो! दिवसभर ओणवं बसून दुसऱ्यांच्या भरायच्या. एक तरी आपल्याला ठेवा म्हटलं, तर म्हणतात, विकायचा माल मळेल!"

मालकीणबाईंनी त्या वाकलेल्या आकृतीभोवती एक फेरी मारली. हळूहळू त्यांच्या डोळ्यांत व्यापाराची चमक आली.

"मागणी पक्की! फक्त एक करा, ऑपरेशन थोडं पुढं ढकला. आमचं नवं दालन उघडतंय. हे असेच दाराशी उभे राहिले ना, तर आत उशा पुरायच्या नाहीत! गळ्यात पाटी, 'न वापरल्यास असे होते!'"

"मागणी ठेवा तुमच्यापाशी!" बायको कडाडली. "नवरा आहे तो माझा, दुकानाची पाटी नाही! उद्या सकाळी ते ऑपरेशनच्या टेबलावर असतील म्हणजे असतील!"

"बरं बाई, चिडू नका. अट गेली, मागणी राहिली."

तेवढ्यात फरशीच्या दिशेने खाकरल्याचा आवाज आला. "केवळ तत्त्व म्हणून विचारतो... दाराच्या उजव्या बाजूला की डाव्या?"

बायकोने हातातला कापूस खाली टाकला आणि फोन उचलला. "सिस्टर, आहात ना अजून? उद्या भूल देताना पाठीबरोबर थोडी जिभेलाही देता येईल का?"

"छे हो! ती सोय असती, तर आमच्या मोठ्या डॉक्टरांना कधीच दिली असती. वादात ते कुणाला हार जात नाहीत."

हे ऐकताच उशीवाल्यांचा चेहरा आनंदाने उजळला. पण तो फक्त फरशीला दिसला.